दाताखाली पंचमेळ

चहाचा दुसरा घोट घेतला आणि त्याच्या दाताखाली कच् झालं. खडा म्हणावा इतका मोठाही नव्हता, पण आवाज थेट कानात झाला, कानातून मानेत उतरला आणि एखादं ओलं गांडूळ सरकत जावं तसा पाठीवरून कमरेपर्यंत गेला. तो होता तसाच थांबला. तोंडात घोट, हातात कप. थुंकावं तर समोर साहेब बसलेले. गिळावं तर घसा दार लावून बसलेला. कॅन्टीनच्या टेबलावर मघाशीच फडकं फिरलं होतं आणि त्याचा आंबूस ओला वास टेबलावरून उठून त्याच्या नाकापाशी येऊन बसला होता. तेच फडकं कॅन्टीनवाला कपाच्या कडेवरून फिरवतो, तेच स्वतःच्या मानेवरून फिरवतो, हे संस्थेतल्या प्रत्येकाने डोळ्यांनी पाहिलं होतं आणि तरी सगळे त्याच्याच हातचा चहा पीत होते, कारण दुसरीकडे प्यायचा तर फाटकाबाहेर जावं लागे आणि कामाच्या वेळात फाटकाबाहेर जायला साहेबांची परवानगी लागे. “काय हो भट्टीवाले, ठसका लागला का?” साहेबांनी विचारलं. साहेबांच्या गालात कायम एक पेपरमिंट असायची, बोलताना ती कवळीवर आपटून टक्टक् वाजायची, आणि चहा पितानासुद्धा साहेब ती काढून ठेवत नसत. त्याने मान हलवली. रुमाल तोंडाला लावला, उगाच खोकल्यासारखं केलं आणि खडा रुमालात उतरवून घेतला.

“खडा ना?” शेजारून तराजूबाई म्हणाल्या. त्या वजनकाट्याच्या खोलीत बसायच्या, म्हणून तराजूबाई. “मी तर आता चहा चावूनच पिते. आठवडा झाला. पहिल्या दिवशी वाटलं दातच पडला.”

“साखरेत भेसळ करतोय लेकाचा,” साहेब म्हणाले. “आज पाहुणे जाऊ देत, संध्याकाळी त्याची पथारीच उचलतो. सामानासकट फाटकाबाहेर!” टक्टक्.

त्याने टेबलाखाली रुमाल उघडला. पिवळसर पांढरा ठिपका. गोल नव्हता, चपटा होता. एक अंग खडबडीत आणि दुसरं गुळगुळीत. साखर अशी नसते आणि वाळूही नसते. हे कशाचं तरी सोललेलं टरफल होतं. त्याने ते नखाने उलटं केलं, सुलटं केलं, आणि आपल्या घरचा टॉवेल परक्याच्या दोरीवर वाळताना दिसावा तसं त्याला झालं. हा रंग त्याच्या ओळखीचा होता. हा रंग तो रोज भट्टीच्या तोंडाशी वाकून बघत होता.

संस्थेत गेली कित्येक वर्षं एकाच गोष्टीचं वेड होतं: न जळणारी वस्तू करायची. टायटॅनियम, झिर्कोनियम, हाफ्नियम, निओबियम आणि टँटलम अशा पाच धातूंची कार्बाइडं एकत्र दळायची, दाबायची, भाजायची आणि त्यांचं एकजीव असं काळंभोर सिरॅमिक करायचं. कागदावर त्याचं नाव दीड ओळीचं होतं. तोंडी सगळे त्याला पंचमेळ म्हणत. कार्बाइडाला नुसत्या आचेचं भय नाही, ते हवेला भितं. तापलेल्या कार्बाइडाला हवा लागली की हवेतला ऑक्सिजन आत घुसतो, कार्बन वायू होऊन पळ काढतो आणि मागे उरतं धातूचं पांढरं ऑक्साइड. ते घट्ट बसलं तर त्याचंच झाकण होतं आणि आतलं वाचतं. सैल बसलं तर सगळा भुगा. म्हणजे सगळा खेळ त्या वरच्या थराचा, आणि त्या थराला संस्थेत साय म्हणत. कधीतरी साहेबांनीच गमतीत म्हटलं होतं, मग तोच शब्द रुळला. “साय धरली का?” साहेब दारातूनच ओरडत. “जाड धरली का पातळ?” आणि भट्टीपाशी उभ्या असलेल्या त्याच्या पोटातून काहीतरी वर येऊन पुन्हा खाली जाई.

कारण लहानपणी त्याला मावशीने वाढवलं होतं, आणि मावशीचा सायीवर भारी जीव. रोज सकाळी दुधाचा पेला समोर यायचा, वर ती सुरकुतलेली कातडी, म्हाताऱ्या माणसाच्या कोपरासारखी. मावशी ती बोटाने उचलायची, बोटावरून ती लोंबायची, आणि मग “आ कर, ताकद असते त्यात” म्हणत ती थेट त्याच्या तोंडात. ओल्या फडक्यासारखी ती टाळूला चिकटे. चावली तर दातात यायची, गिळली तर अर्धी घशाखाली आणि अर्धी वर, दोन्हीकडून ओढल्यासारखी. रडून उपयोग नव्हता, ओकून तर नव्हताच. ओकलं की मावशी दुसरा पेला भरायची. तेव्हा त्याने एक कला शिकून घेतली. चावायचं नाही, गिळायचं नाही, गालात धरून ठेवायचं. चेहरा साधा ठेवायचा. मावशीने विचारलं, “गिळलीस ना राजा?” की मान हलवायची. मग शाळेच्या भिंतीमागे जाऊन थुंकायचं. पुढे नोकरीत त्याला जे काही यश मिळालं ते सगळं याच एका कलेवर. फरक इतकाच की शाळा सुटल्यापासून थुंकायला भिंत सापडली नव्हती.

आणि आता हा खडा रुमालात होता. साहेब उठले, सगळे उठले, खुर्च्या फरशीवर खरवडल्या. तो बसून राहिला. कपातल्या चहावर एव्हाना साय आली होती आणि त्या सायीत आणखी दोन ठिपके रुतून बसले होते. त्याने नजर काढून घेतली. पण नजर काढली तरी डोकं चालूच होतं, आणि एकदा चालू झालं की ते कुणाच्या परवानगीने थांबणारं नव्हतं. पंचमेळाची परीक्षा अशी व्हायची: पंचमेळाचं एक कडं करायचं, तळहातावर मावेल एवढं, ते प्लॅटिनमच्या तारेने काट्याला टांगायचं आणि उभ्या भट्टीत सोडायचं. वरून हवा आत, खाली पंप ती ओढून बाहेर काढतो. कड्याने ऑक्सिजन खाल्ला की वजन वाढतं, वजन वाढलं की कागदावरची रेघ वर चढते. आजवर जे जे टांगलं त्याची रेघ चढली होती. पंचमेळाची चढली नाही. मध्यम आचेवर दिवसभर टांगलं तरी रेघ आडवीच्या आडवी, गाडी जावी अशी सरळ. संस्थेने ती रेघ डोक्यावर घेऊन नाचायचंच तेवढं बाकी ठेवलं. साहेबांनी ती चौकटीत बसवून आपल्या खोलीत लावली, आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला ते त्या रेघेसमोर असे उभे करायचे जसं काही ती रेघ त्यांच्या घराण्यातली होती. कडं काचेच्या पेटीत निळ्या मखमलीवर बसलं, आणि त्याच्या जोडीची कडी रोज भट्टीत टांगली जाऊ लागली. वरून पिवळसर पांढरं दिसत होतं खरं, पण साहेब म्हणाले, ही साय आहे, ही आतल्याला जपते. त्याने एकदाच, दबकत म्हटलं होतं की कडं कापून आतून बघायला हवं. “कापायचं?” साहेब म्हणाले. पेपरमिंट क्षणभर थांबली. “अहो, तुम्ही आपल्या लग्नाचा फोटो कापून बघता का, आत काय आहे म्हणून?”

सगळे हसले होते. तोही हसला होता. ते हसू अजून गालात कुठेतरी चिकटून असल्यासारखं त्याला आत्ता वाटलं आणि त्याने जीभ फिरवून पाहिली.

साधी गोष्ट होती. इतकी साधी की लाज वाटावी. काटा फक्त एकूण वजन सांगतो. कडं एका अंगाने ऑक्सिजन खात होतं आणि दुसऱ्या अंगाने टरफलं गाळत होतं. जेवढं आत येतंय तेवढंच बाहेर जातंय. काट्याला वाटलं, काहीच घडत नाही. उरलेलं ऑक्साइड फुगून कड्याचा आकार धरून होतं, म्हणून बघणाऱ्यालाही कळलं नाही. प्रचंड आचेत पंचमेळ खरंच टिकत होतं, तिथे ऑक्साइड आटून घट्ट बसायचं, हे त्याने स्वतः पाहिलं होतं. पण मध्यम आचेत ते आटण्याइतकं तापत नाही आणि स्वस्थ राहण्याइतकं थंडही नाही, आणि मग आतल्या आत भुसभुशीत होत जातं. मध्यम आच. हे दोन शब्द त्याला चहाच्या टेबलावर एकदम ओळखीचे वाटले आणि आवडले नाहीत. बायको, नोकरी, भाड्याची दोन खोल्यांची जागा, कुणाशी भांडण नाही, कशाचा ध्यास नाही. दुरून बघणाऱ्याला आकार अगदी शाबूत दिसतो. त्याने तो विचार हाताने माशी हाकलावी तसा हाकलला. माशी खरोखरच होती. ती उडून साहेबांच्या उष्ट्या कपावर जाऊन बसली.

मग गाळलेलं गेलं कुठे? खाली. खाली पंप. पंपाची नळी आधी इमारतीच्या दर्शनी बाजूला निघायची. पाहुणे यायचे म्हणून साहेबांना ती खटकली. “नाकातून शेंबूड लोंबावा तशी दिसते,” ते म्हणाले, आणि नळी मागच्या अंगाला वळवण्यात आली. तिच्या तोंडाशी एक बारीक जाळी होती. ती सारखी तुंबायची. पंप कण्हायला लागायचा. तेव्हा वैतागून कोणीतरी म्हणालं होतं, काढून टाका ती जाळी. कोणीतरी म्हणजे तोच. जाळी कशाने तुंबते हे कुणीच विचारलं नाही. जळल्यावर कशाचं काय होतं हे बघण्यासाठीच ज्याला पगार मिळत होता, त्यानेही नाही.

तो उठला आणि इमारतीच्या मागे गेला. तिथे सगळ्या पाठीमागच्या जागांसारखी जागा होती: फुटके पाइप, खरकट्याचा ड्रम, ओलसर भिंतीवर हिरवं शेवाळ, आणि सडलेल्या पानांत पाय रुतून येणारा पचपच आवाज. नळीचं तोंड वर भिंतीतून बाहेर आलं होतं आणि त्याखाली भिंतीवर पिवळसर पांढरा ओघळ होता, पक्ष्याने घाण करावी तसा. ओघळाच्या खाली खिडकी. खिडकीच्या आत शेगडी, शेगडीवर दुधाचं भलंमोठं पातेलं, आणि त्यावर झाकण नाही. तो बघत होता तेवढ्यात नळी हलकेच ठसकली आणि उन्हात चमचमत काहीतरी खाली उतरलं. किती निवांत उतरलं! वरून कुणीतरी चिमूट सोडावी तसं.

“काय साहेब, इकडे कुठे?” कॅन्टीनवाला खिडकीतून म्हणाला. त्याने एका हाताने बगल खाजवली आणि त्याच हाताने पळी उचलली. “इकडे साहेबलोक येत नाहीत. वास येतो म्हणतात.”

“दूध झाकत का नाही तुम्ही?”

“झाकलं की उतू जातं. आणि उघडं ठेवलं की साय झकास धरते. मोठ्या साहेबांना कपात साय लागते ना, तीही जाड.” त्याने पळीने ती बाजूला सारून दाखवली. ती घडी पडून गोळा झाली. “माझी पथारी उचलणार म्हणे आज?”

“कोणी सांगितलं?”

“अहो, सगळ्या इमारतीला माहितीये, मलाच तेवढं उशिरा कळलं. साहेब, तुम्हाला खरं सांगतो. दुधात पाणी घालतो मी. नाही म्हणत नाही, सगळेच घालतात. बिस्किटं मऊ पडली तर तव्यावर शेकून पुन्हा देतो, तेही कबूल. पण खडा? खडा घालायला मला परवडेल का? खडा काय फुकट मिळतो?”

त्याला हसू आलं आणि मळमळही आली, दोन्ही एकदम. या माणसाला कोणी सांगावं की त्याच्या पातेल्यात जे पडतंय ते त्याच्या सबंध कॅन्टीनपेक्षा महाग आहे! कॅन्टीनवाला आता खिडकीतून अर्धा बाहेर आला होता आणि त्याने याची बाही धरली होती. हात ओला होता. कशाने ओला होता कोण जाणे. “एक शब्द टाका ना तुम्ही. तुमचं ऐकतील. पोरगी बाळंतपणाला आलीये, दिवस भरलेत तिचे. राहायची खोली पण कॅन्टीनचीच. तिला घेऊन कुठे जाऊ मी असल्यात?” मागच्या अंधाऱ्या खोलीत कुणीतरी कूस बदलल्यासारखी खाट कुरकुरली. बाहीतून ओल दंडाला लागली. हात सोडवून घ्यावा असं त्याला फार वाटलं. त्याच्यावर अन्याय होतोय हे दिसत होतं, पण ज्याच्यावर अन्याय होतो तो माणूस निदान नखं तरी कापलेला असावा अशी त्याची कुठेतरी अपेक्षा होती. आपल्याला कीव येत नाहीये, आपल्याला शिसारी येतेय, हे त्याच्या लक्षात आलं. मग स्वतःचीही थोडी आली. पण ती दुसऱ्याच्या शिसारीइतकी जोरात येत नाही, हे त्याला अनुभवाने ठाऊक होतं. “बघतो,” तो म्हणाला. बघतो म्हणजे काय, हे दोघांनाही माहीत होतं. कॅन्टीनवाल्याने बाही सोडली.

वजनकाट्याच्या खोलीत तराजूबाई हातमोजे घालून बसल्या होत्या. त्याने दार लावून घेतलं, रुमाल त्यांच्यापुढे उघडला आणि सगळं सांगितलं: रेघ, टरफलं, नळी, पातेलं. त्या ऐकत गेल्या. अधूनमधून त्यांच्या जिभेचा फुगा गालातून फिरताना दिसे. ऐकून झाल्यावर त्या हसायलाच लागल्या, डोळ्यांत पाणी येईपर्यंत.

“म्हणजे मी आठवडाभर पंचमेळ खातेय? आणि मी म्हणते, नवरा मला जड झालीस का म्हणतोय!” मग त्यांनी डोळे पुसले. “विषारी नाही ना हो?”

“नाही. रंगात घालतात तसलंच. जसं आलं तसं निघून जाईल.”

“मग ठीक. वजन बरोबर होतं हं माझं,” त्या म्हणाल्या. “काट्यात चूक नाही. मला वजन विचाराल तर मी वजन सांगेन. कड्याचं चारित्र्य मला कुणी विचारलं नव्हतं.”

“पाहुण्यांना सांगायला हवं.”

“हवंच. तुम्ही सांगा. भट्टी तुमची, जाळी तुम्ही काढायला लावलीत, आणि आज पाहुण्यांची कड्याच्या करारावर सही झाली की विभागप्रमुखाची खुर्चीही तुमचीच.” त्यांनी हातमोजा बोटाबोटाने ओढून काढला. “मी आपली मागे उभी राहते. मला ओकारी आली तर दार जवळ बरं.”

खुर्चीचं सकाळी घरीही निघालं होतं. बायकोने नवा शर्ट इस्त्री करून पलंगावर पसरला होता, एखादा माणूस उताणा झोपवावा तसा. “आज तरी तोंडात काहीतरी धरून बसल्यासारखे बसू नका,” ती म्हणाली होती. “माणसाने खुलून बोलावं. तुमच्या मागून आलेले पुढे गेले, तुम्ही आपले भट्टी फुंकताय.” ती वाईट नव्हती. फणी करताना ती गळलेले केस बोटाला गुंडाळून त्यांची गाठ करायची आणि ती गाठ बेसिनच्या कडेवर ठेवून विसरायची. रोज सकाळी दात घासताना ती गाठ त्याच्याकडे बघायची. इतकी वर्षं त्याने तिला एकदाही सांगितलं नव्हतं. तो स्वतःच उचलून टाकायचा. दोन बोटांत धरून, श्वास रोखून. सांगितलं असतं तर काय झालं असतं? काहीच नाही, तिने उचलली असती. पण सांगायचं म्हणजे आधी तोंड उघडायचं, आणि उघडलं की त्या गाठीच्या मागोमाग आणखी काय काय बाहेर येईल याची त्याला कधीच खात्री नव्हती.

पाहुणे जेवणानंतर आले. एक जण बॅग सांभाळणारा, तो शेवटपर्यंत बोलला नाही. दुसरा त्यांच्या कारखान्याचा इंजिनिअर, उंच, आणि त्याच्या चेहऱ्यात काहीतरी चुकत होतं. थोडा वेळ बघितल्यावर कळलं: त्याला भुवया नव्हत्या. कपाळ डोळ्यांपर्यंत तसंच गुळगुळीत खाली उतरत होतं, गुलाबी, चकचकीत, नुकत्याच खपली पडलेल्या कातडीसारखं. त्याच्याकडे बघवत नव्हतं आणि नजरही हलत नव्हती.

“आमची आच फार नाही,” इंजिनिअर सांगत होता. “मध्यमच. पण बर्नरच्या तोंडाशी कडं लागतं, त्याला ज्योत सारखी खाते. मागच्या वेळी एक फुटलं आणि ज्योत उलटी आली. मी जरा मागे होतो म्हणून भुवयांवर भागलं. पुढचे दोघं...” त्याने ते वाक्य तिथेच सोडलं आणि काचेच्या पेटीकडे बघितलं. “आमची माणसं बर्नरपासून हातभर अंतरावर उभी असतात. म्हणून म्हटलं, न जळणारं कडं आहे म्हणताय तर बघून घ्यावं.”

“बघा, अगदी डोळे भरून बघा!” साहेब म्हणाले. “आणि ही रेघ बघा. रेघ खोटं बोलत नाही.” टक्टक्.

हातभर. त्याने आपला हात टेबलावर ठेवला आणि बोटांपासून कोपरापर्यंत बघितला. इतकं. आता बोलायचं. छातीत शब्द जमा झाले होते, सगळे बरोबर क्रमाने: मध्यम आचेत पंचमेळाचा भुगा होतो. एवढंच वाक्य. ते वर आलं, घशातून वर, जिभेच्या मुळापर्यंत आलं, आणि तिथे टाळूला चिकटलं. तेवढ्यात चहा आला.

कॅन्टीनवाल्याने आज स्वच्छ अॅप्रन घातला होता, त्यामुळे तो जास्तच घाणेरडा दिसत होता. अंगठे बशीत बुडवून त्याने एकेक कप मांडला. साहेबांच्या कपात साय, खास. सगळ्यांनी कप उचलले, आणि मग त्या वातानुकूलित खोलीत, निळ्या मखमलीच्या आणि चौकटीतल्या रेघेच्या साक्षीने, एकामागून एक आवाज झाले. कच्. कच्. बॅगवाल्याकडून कच्कच्. इंजिनिअरने कप खाली ठेवला, दोन बोटांनी जिभेवरून काहीतरी काढलं आणि उजेडात धरलं. “चहात काय आहे हे?”

साहेबांचा चेहरा लाल झाला, मग जांभळा. “बघितलंत? साखरेत वाळू! मी याला संध्याकाळी हाकलणार होतो, आता आत्ताच हाकलतो. चल, उचल कप. खोली मोकळी कर. पोरगी, भांडी, सगळं घेऊन चालता हो!”

“साहेब, शप्पथ घेऊन सांगतो...”

“शप्पथ कसली घेतोस, चोरा!”

कॅन्टीनवाल्याने कप उचलले नाहीत. तो वळला आणि त्याने भट्टीवाल्याकडे बघितलं. ओठ थोडे उघडे, खालच्या ओठावर थुंकीचा फेस. मागे दाराशी तराजूबाई उभ्या होत्या, त्याही बघत होत्या. तो उभा राहिला. खुर्ची मागे पडता पडता राहिली. सगळ्या माना त्याच्याकडे वळल्या आणि त्याला आपल्या तोंडातलं वाक्य स्पष्ट जाणवलं, त्याची चव, त्याचा चिकटपणा.

“साखर नाही ती,” तो म्हणाला. “कॅन्टीनवाल्याचा यात काही दोष नाही. ते आमच्या भट्टीतून येतंय. नळी मागे वळवली ना, ती थेट त्याच्या दुधावर निघते. जाळी काढली होती आम्ही. माझीच चूक.” पेपरमिंट वाजायची थांबली होती. साहेबांचे डोळे त्याच्यावर रोखलेले, आणि त्या डोळ्यांत विभागप्रमुखाची खुर्ची एका पायावर डुगडुगताना त्याला दिसली. एक शब्द उरला होता. एकच. त्याने तोंड उघडलं, आणि जो शब्द बाहेर आला तो त्याने आधी ठरवला नव्हता. “वीट,” तो म्हणाला. “भट्टीच्या आतली वीट जुनी झालीये. तिचा भुगा आहे हा. जाळी बसवली की थांबेल.”

किती सहज आला! जणू तोंडात तोच तेवढा सुटा होता. बाकी सगळं वाक्य खरं होतं, खऱ्याच्या रांगेत तो एकटा उभा राहिला आणि कुणालाही वेगळा दिसला नाही. साहेबांनी श्वास सोडला, टक् झालं. इंजिनिअरने बोटावरचं टरफल पँटला पुसलं. कॅन्टीनवाला पुढे आला आणि त्याने याचा हात आपल्या दोन्ही हातांत घेऊन कपाळाला लावला, चांगला दाबून, आणि म्हणाला, “देवमाणूस आहात. पोरीला मुलगा झाला तर तुमचं नाव ठेवतो.” त्याचं कपाळ घामाने निथळत होतं. तराजूबाई कप आवरायचं निमित्त करून जवळून गेल्या आणि जाता जाता अगदी हळू, पण त्याला ऐकू जाईल इतक्याच हळू म्हणाल्या, “ती वीट म्हणायची का तो वीट, भट्टीवाले? मला तर तो आलाय.” आणि कप घेऊन बाहेर पडल्या.

सह्या झाल्या. बॅगवाल्याने बॅग उघडली, कागद आत गेले, बॅग मिटली. साहेबांनी त्याच्या पाठीवर थाप मारली, मग तिथेच हात ठेवला, मग तो हात गोल गोल फिरवला, गाईची पाठ चोळावी तसा. इंजिनिअर जायला निघाला आणि दारातून परत फिरला. बिनभुवयांचा तो चेहरा अगदी जवळ आला. जवळून त्याच्यावर बारीक बारीक सुरकुत्यांची जाळी होती. “तुम्ही मला आवडलात,” तो म्हणाला. “दुसरा असता तर चहातला खडासुद्धा कबूल केला नसता. असला माणूस कडं चांगलं म्हणतोय, म्हणजे मला आता रात्री झोप लागेल. एक काम करा. पहिल्या दिवशी तुम्हीच या. बर्नर तुमच्या हातूनच पेटवू.”

“मी?”

“मग कोण? तुमचंच बाळ ते. येणार ना?”

आत काहीतरी ढवळून येईल म्हणून त्याने क्षणभर वाट पाहिली. सकाळपासून प्रत्येक गोष्टीला येत होतं. आता घसा मोकळा होता, जीभ हलकी होती, तोंडात काही म्हणजे काही नव्हतं. खिडकीतून छान वारा येत होता. उलट त्याला बरं वाटत होतं, आणि भूकही लागली होती.

“येतो की,” तो म्हणाला.

“मिसेसना पण आणा. बायकांना भारी आवडतं, एकदम भक्कन् पेटतं ते. खुर्च्या मांडू आपण.”

“आणतो,” तो म्हणाला, आणि माणसाने खुलून बोलावं म्हणून, हसत, आणखी पुढे म्हणाला, “फक्त तिची खुर्ची जरा पुढे मांडा. तिला लांबचं नीट दिसत नाही.”